बत्तीस इंचांची हद्दपारी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मला या घरातून बाहेर काढता येत नाही, म्हणून आत ढकलायचं ठरलेलं दिसतंय. सकाळी चहा घेताना मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या खोलीत एक छोटासा टीव्ही घेऊ या का? भिंतीवर लावायचा, सपाटवाला. पडल्या पडल्या बघता येईल."

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. पाठ केलेली कविता म्हणताना पोर बाईंकडे बघतं, तसं. सून पावाला लोणी लावत होती, एकाच तुकड्याला तिसऱ्यांदा.

"पडल्या पडल्या कशाला? मी काय अंथरुणाला खिळलेय?"

"तसं नाही हो आई," सून म्हणाली. "तुम्हाला मनासारखं बघता येईल. कुणाची कटकट नाही."

"आत्ता कुणाची कटकट आहे?"

दोघांनी एकदमच कप तोंडाला लावले. म्हणजे माझीच.

हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. हे गेले आणि मी इथे राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. सकाळी अकराची मालिका, दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम, संध्याकाळी बातम्या. त्या खुर्चीतून दाराशी कोण आलं ते दिसतं, कोण कधी गेलं ते कळतं, समोरचा न्हावी आज किती उशिरा उघडतोय तेही समजतं. माझ्या खोलीतून काय दिसतं? शेजारच्या इमारतीचे पाण्याचे पाइप.

हे सगळं गेल्या महिन्यात सुरू झालं. ऑफिसला रंग काढलाय म्हणून सून एक खोकं घेऊन घरी आली. त्यात तिचा कॉफीचा मग, एक लहान कुंडी आणि ऑफिसात घालायच्या चपला. खोकं ठेवलं कुठे, तर माझ्या खोलीत. तेव्हापासून हॉलमधलं जेवणाचं टेबल म्हणजे हिचं ऑफिस. हिचा चांगला लॅपटॉपही दिसत नाही, मुलाचा जुना, एक बटण निखळलेला घेऊन बसते. साडेतीन आठवडे रंग चाललाय. राजवाडा असावा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, अजिबात हो म्हणू नकोस. मलाही असाच लाडाने दिला होता. आधी टीव्ही. मग पाणी तापवायची किटली, तीही खोलीतच, का तर तुम्हाला उठायला नको. मग एक छोटं टेबल. आता जेवणाचं ताटच आत येतं. परवा मी आपली बाहेर जाऊन बसले, तर नातू विचारतो, 'आजी, काही हवंय का?' पाहुण्याला विचारतात तसं."

फोन ठेवला आणि हॉलमधला टीव्ही लावला.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांच्या बैठकीच्या खोलीत एकच टीव्ही होता, लाकडी दारांचा, वर विणलेला रुमाल. शनिवारी आम्हा वसतिगृहातल्या मुलींना जमिनीवर बसवून चित्रपट दाखवत. नायक-नायिका जवळ आले की मोठ्या सिस्टर उठून पडद्यासमोर उभ्या राहत आणि त्यांचं आटोपेपर्यंत आमच्या तोंडांकडे बघत. चाळीस मुली, चाळीस दाबलेली हसू. टीव्ही म्हणजे माझ्या लेखी ते. खोलीत एकटीने पडून काय बघायचं आणि हसू कुणाच्या शेजारी दाबायचं?

शनिवार, ८ फेब्रुवारी

शत्रूची चूक सापडली.

सून म्हणते, बत्तीस इंची बसेल. मी शिवणाची टेप घेऊन पलंगासमोरची भिंत मोजली. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एकोणतीस इंच, तेही ओढूनताणून. दोनदा मोजलं. सिस्टर म्हणायच्या, एकदा मोजणारी मुलगी दोनदा कापते.

एकोणतिसात बत्तीस बसवणारी ही बाई चौदा माणसांवर साहेब आहे. टेप पर्समध्ये ठेवली आहे. उद्या टीव्ही बघायला नेणार आहेत. तिथे दुकानात, सगळ्यांसमोर.

रविवार, ९ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही, पण खरं तेच लिहायचं अशी सिस्टरांनी सवय लावलेली आहे.

दुकानात शंभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच धबधबा. विक्रेता चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, निळा शर्ट. मला आजी म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या आईपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेन." तो हसला. निर्लज्ज.

त्याने बत्तीस इंची दाखवला. मी पर्समधून टेप काढली आणि सुनेला म्हटलं, "माझी भिंत एकोणतीस आहे. आता हा कापून बसवणार का?"

विक्रेत्याने माझ्याच हातातून टेप घेतली आणि टीव्हीच्या रुंदीला लावली. साडेअठ्ठावीस भरला.

मी म्हटलं, "म्हणजे बत्तीस सांगून साडेअठ्ठावीस विकता? हे उघड-उघड फसवणं आहे."

"आजी, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"का? सरळ मोजायला लाज वाटते?"

शेजारचं जोडपं हसलं. त्यांचा लहान मुलगाही हसला, त्याला काय कळलं देव जाणे. सून हसली नाही. म्हणाली, "मलाही माहीत नव्हतं, आई." हे धादांत खोटं, कारण बसेल असं हीच म्हणाली होती. म्हणजे सगळं ठाऊक असून मला तोंडावर पडू दिलं आणि वर साळसूदपणा.

मग मी एकेक नाकारत गेले. एकात माणसांची तोंडं निळी दिसत होती. एकाचे पाय बगळ्यासारखे. एकाच्या रिमोटवर आकडेच नव्हते. चोवीस इंची दाखवला तेव्हा म्हटलं, हा हातात बांधायचा का?

"पोचवायला दिवसा येऊ," विक्रेता म्हणाला. "घरी कोण असतं?"

"मी असते," सून म्हणाली.

"सहा वर्षं मी असते," मी म्हटलं. "ही महिन्याभरापासून."

तिने मान खाली घातली. काही न घेता परत आलो. आज मी जिंकले असं म्हणायला हरकत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सून वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून पायजमा अशी बसते. टेबलाखालचं जगाला दिसत नाही, मला दिसतं. लॅपटॉपसमोर दाखवायचे दात काढून इंग्रजीत बोलते. आणि बोलते काय, तर रोज स्वतःची ओळख करून देते. मी अमुक, मी तमुक, माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. नऊ वर्षं झाली त्या ऑफिसात, अजून हिची ओळख पटलेली नाही कुणाला?

आज सकाळी म्हणाली, "आई, अकरा ते बारा टीव्ही बंद ठेवाल का? महत्त्वाचं आहे."

"माझी मालिकाही अकरालाच असते. तीही महत्त्वाची आहे."

"मग निदान आवाज कमी."

मी आवाज बारावर ठेवला. ओठ हलतायत, पण कोण कुणाला काय म्हणतंय कळत नाही. त्यात आज कोर्टाचा प्रसंग. दोघी वकील बहिणी समोरासमोर. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी आवाज तीसवर नेला. चुकून नाही. बोट बटणावर होतं आणि मी ते दाबून धरलं.

सुनेने एकदाच वळून बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. लॅपटॉपमधला माणूस म्हणाला, आम्ही कळवू. तिने झाकण मिटलं आणि बाथरूममध्ये गेली. नळ पंधरा मिनिटं वाहत होता. पाण्याची अशी नासाडी आमच्या शाळेत केली असती, तर आठवडाभर बादल्या भरायला लावल्या असत्या.

बाहेर आली, डोळे लाल. मला विचारलं, "चहा घेणार?" आलं घालून केला. मी प्यायले. चांगला झाला होता, म्हणून जास्तच राग आला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलगा कामावरून आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. "आई, तुला काही कळतं का? काल काय केलंस, काही कल्पना आहे?"

"राहू दे ना," सून म्हणाली.

"काय राहू दे? किती दिवस राहू दे?" मग माझ्याकडे वळून, "बावीस तारखेला, शनिवारी, माणूस येऊन टीव्ही लावून जाईल. बत्तीस इंची. तोंडं निळी असोत नाहीतर हिरवी. तोवर तेवढी भिंत मोकळी कर."

हे कधी माझ्याशी असं बोलले नाहीत. या मुलाला मी तापात रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसले आहे.

आजपासून अबोला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अबोल्याचा पाचवा दिवस. मीठ हवं असलं तरी उठून घेते. बहीण म्हणाली, "आजारी पड." मी म्हटलं, नको, आजारी माणसाला आधी खोलीतच नेतात.

सून अजून रोज टेबलाशी बसते. अकराला मी टीव्ही लावते. ती हेडफोन घालते. एका हॉलमध्ये आम्ही दोघी जणू दोन स्टेशनांवर गाड्यांची वाट बघत बसल्यासारख्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भिंत मोकळी करत होते. खिडकीखाली सुनेचं ते खोकं. उचललं तर बूड फाटलं आणि सगळं जमिनीवर. कॉफीचा मग फुटला नाही. कुंडीतलं रोप केव्हाच मेलं होतं, पाणी कोण घालणार. चपलांच्या खाली एक मोठं कार्ड. त्यावर चौदा सह्या. 'तुझी आठवण येईल.' 'पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.' 'आमची कपात टाळायला भांडलीस, तुझी कुणी टाळली नाही.' तारीख १० जानेवारी.

मी पलंगावर बसले.

रंगबिंग काही नव्हता. ती रोज ज्यांना ओळख सांगते ती माणसं तिला खरंच ओळखत नव्हती. त्या मुलाखती होत्या. आणि बारा तारखेला मी आवाज तीसवर नेला.

हे लिहून पेन खाली ठेवलं, परत उचललं.

मला सांगितलं का नाही? मी काय परकी आहे? मी तर ज्याला-त्याला सांगते, आमची सून चौदा माणसांवर साहेब आहे. गेल्या वर्षी ओळखीच्या एका बाईंची सून नोकरी सोडून घरी बसली, तेव्हा याच जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं होतं, "बसून खाणारी सून म्हणजे घरात आणखी एक सासू." सगळे हसले होते. हीसुद्धा हसली होती. मग मला सांगायला हिला काय धाड भरली होती?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मुलगा गेल्यावर टेबलाशी जाऊन उभी राहिले. आठ दिवसांनी तोंड उघडलं ते असं: "उद्याचा टीव्ही रद्द कर."

"आई, आता पुन्हा नको ना. ह्यांनी ठरवलंय."

"हॉलमध्ये बसून तुला नोकरी मिळणार नाही. माझी खोली घे. टेबल आत घाल. दार आहे त्याला."

तिचा हात लॅपटॉपवरच राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खोक्याने. बूड फाटलं त्याचं."

"मी सांगणार होते."

"कधी? रंग वाळल्यावर?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती रडायला लागली, आणि रडता रडता लॅपटॉप पुसत होती, कुठे पाणी पडलं म्हणून. मी तिच्या खांद्याला हात लावायला हवा होता. लावला नाही. मी टेबलाचं एक टोक उचललं आणि म्हटलं, "धर ते टोक, मला एकटीला झेपणार नाही."

दारातून टेबल आडवं जात नव्हतं. तिरकं करून नेलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

परवा मोठी मुलाखत आहे. मी म्हटलं, "आधी माझ्यासमोर दे. मी साहेब."

"आई, असं नसतं हो ते आता."

"साहेब सगळे सारखेच असतात. ताठ बस. हनुवटी वर. शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू गेलं पाहिजे."

तासभर घेतली. वाक्यं गिळते. उत्तर माहीत असून सुरुवातीला सॉरी म्हणते. चौथ्यांदा सॉरी म्हणाली तेव्हा मी पट्टी आपटली. पट्टी म्हणजे झारा, पट्टी सापडली नाही.

"तुम्ही मागची नोकरी का सोडली?" मी विचारलं.

"सोडली नाही. काढलं." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि दुसरी मिळत होती. बारा तारखेची. तिसरी फेरी होती ती, आई. शेवटची. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे कुणी भांडतंय का?"

मी झारा खाली ठेवला. "मी मुद्दाम आवाज वाढवला होता."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? बसून खाणारी सून मी."

बाहेर कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवत होतं, थांबतच नव्हतं. तिनेच नाक पुसलं, पाठ सरळ केली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "विचारा पुढचा प्रश्न."

मी विचारला. सॉरी न म्हणता उत्तर दिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

अकरा वाजता खोलीचं दार बंद झालं. मी माझ्या खुर्चीत. हॉल माझा, रिमोट माझ्या मांडीवर. मालिकेत आज निकाल होता. लावली नाही. आवाज बंद करून बघता आलं असतं, तेही केलं नाही. चित्र हललं तरी तिला बाधेल असं काहीतरी मूर्खासारखं वाटत होतं.

दाराची घंटा वाजेल या भीतीने उठून दारातच उभी राहिले. दुधाचे पैसे मागायला माणूस आला, त्याला जिन्यातच बोटाने गप्प केलं. तो बिचारा विचारतो, "घरात कुणी झोपलंय का?" मी मान हलवली.

सव्वाबाराला ती बाहेर आली. "टीव्ही लावा की," एवढंच म्हणाली.

"मला नाही बघायचा."

सोमवार, ३ मार्च

मिळाली. पहिलीपेक्षा मोठी, हाताखाली वीस माणसं.

पण इथे नाही. इथून गाडीने तीन तास. सतरा तारखेला रुजू व्हायचं. सोमवार ते शुक्रवार तिथेच खोली घेऊन राहायचं, शनिवार-रविवार घरी. मुलगा म्हणाला, वर्षभर बघू, मग ठरवू. तो तर सकाळी आठला जातो तो सातला उगवतो.

म्हणजे टेबल परत हॉलमध्ये येईल आणि त्यावर कुणी बसणार नाही. दिवसभर हॉल माझा. कुणाची कटकट नाही.

अभिनंदन म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, "सासूपासून तीन तास लांब. बरं जमवलंस."

ती पोळ्यांचं पीठ मळत होती, तशीच मळत राहिली. म्हणाली, "तुमच्याच खोलीतून जमवलं."

चोख उत्तर. हे असते तर त्यांनी टाळी दिली असती. मी माझ्या खोलीत गेले आणि पलंगावर बसून टेबलाकडे बघत राहिले. बाहेर तिने कुकर लावला, तिसऱ्या शिट्टीला गॅस बारीक केला. उद्यापासून मोजायला लागले तर अशा बारा-तेरा संध्याकाळी उरल्या आहेत. मोजणार नाही.

रविवार, ९ मार्च

सुनेला तिथे दहा बाय दहाची खोली मिळाली आहे. एक पलंग, एक कपाट, मोरी. मुलगा म्हणाला, टीव्ही कशाला, फोनवर बघेल. सूनही म्हणाली, खरंच नको. मी चपला घातल्या आणि दारात उभी राहिले. मग दोघंही आली.

तोच विक्रेता. मला बघून त्याचा चेहराच पडला. "आजी, ठरलं का एकदाचं?"

"माझ्यासाठी नाही. हिच्या खोलीसाठी. लहान दाखवा, चोवीस इंची."

त्याने पाच ओळीने लावले. पाचांवरही धबधबा. मी त्याला म्हटलं, "चित्र राहू द्या. बातम्या लावा, आणि एकेकाचा आवाज ऐकवा." आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहिले.

"आई, लोक बघतायत," सून कुजबुजली.

"बघू देत."

पहिला डब्यातून बोलल्यासारखा. दुसरा बरा, पण वाढवला की चिरकायचा. तिसऱ्यात बाई बातम्या सांगायला लागली आणि मला वाटलं, मागे खरंच कुणीतरी उभं आहे. चौथा-पाचवा ऐकलाच नाही.

"हा. तिसरा."

"आजी, त्याच्यापेक्षा याचं चित्र फार स्वच्छ आहे," विक्रेता म्हणाला. "टीव्ही चित्रासाठी घेतात."

"तुमच्या घरी माणसं असतील," मी म्हटलं. "हिने कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की खोलीत कुणी बोलतंय असं वाटलं पाहिजे. भाजी चिरताना बघणार आहे का ती? ऐकणार आहे."

मुलगा दुसरीकडे बघायला लागला. सून माझ्याकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही आवाज एवढा मोठा लावता?"

"मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं.

तिला माहीत आहे की माझे कान शाबूत आहेत. तिने वाद घातला नाही.

विक्रेता खोकं बांधायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. रिमोट उघडायला लावला, सेल घालायला लावले, चालू करून दाखवायला लावला आणि मगच बंद करू दिलं. पहिल्या संध्याकाळी त्या परक्या गावात ती सेल कुठे शोधत फिरणार.